आर्मेनियन हस्तकलेची भेटवस्तू : पारख, खरेदी आणि जपणूक

आर्मेनियात वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे आणि आता पर्यटक म्हणून जाणारी मराठी मंडळीही येरेवानच्या रस्त्यांवर भेटू लागली आहेत. परतताना घरच्यांसाठी काय न्यावे, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. बहुतेकांची खरेदी फ्रिजवर चिकटवायचे चुंबक किंवा डाळिंबाच्या आकाराची एखादी रंगीत वस्तू घेऊन संपते. डाळिंब हे आर्मेनियन परंपरेतील सुबत्तेचे जुने चिन्ह आहे, हे खरे. पण दुकानांत मांडलेली सगळीच डाळिंबे त्या परंपरेतून आलेली नसतात, बरीचशी साच्यातून आलेली असतात. हाताने घडवलेली आणि साच्यातून काढलेली वस्तू समोरून अनेकदा सारखीच दिसते. फरक मागच्या बाजूला, तळाशी किंवा आतल्या पोकळीत सापडतो. म्हणून या संपूर्ण लेखात एकच सवय लावून घेण्याचा आग्रह आहे : कोणतीही वस्तू आवडली की आधी ती उलटी करून पाहावी.

पहिली पायरी : बाजाराआधी संग्रहालय

खरेदीच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस संग्रहालयांसाठी राखून ठेवावा. येरेवानमध्ये प्रजासत्ताक चौकातील इतिहास संग्रहालय, अबोव्यान मार्गावरील लोककला संग्रहालय आणि हस्तलिखितांचे भांडार असलेले मातेनादारान ही तीन ठिकाणे पुरेशी आहेत. अधिक वेळ असेल, तर तुर्की सैन्याशी झालेल्या १९१८ च्या लढाईच्या स्मारकाशेजारी उभे असलेले सार्दारापातचे लोकजीवन संग्रहालय पाहावे. गालिचे, वेशभूषा, लाकडी भांडी आणि शेतीची अवजारे तिथे एकत्र पाहायला मिळतात. तिथे प्रत्येक दालन तपशिलात पाहण्याची गरज नाही. जुन्या गालिच्यातील लाल रंग किती खोल असतो, दगडावरील कोरीवकामाची धार कशी असते, हस्तलिखितातील अक्षरे पक्ष्यांच्या आकारात कशी गुंफलेली असतात, एवढे डोळ्यांत साठवले तरी दुसऱ्या दिवशी बाजारात उभे राहिल्यावर हलके काम आपोआप खटकू लागते.

दुसरी पायरी : कोणासाठी आणि किती वजनाचे

ही पायरी थोडक्यात आटोपता येते. विमानातील सामानाची मर्यादा आणि भेट घेणाऱ्या व्यक्तीचा स्वभाव या दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. सुईकामाचा रुमाल, चांदीचा छोटा दागिना किंवा लाकडी चमचा यांना वजन जवळजवळ नसते. मातीची भांडी फुटतात, दगड जड असतो आणि गालिचा महाग असतो. ज्येष्ठांना आणि धार्मिक वृत्तीच्या लोकांना क्रॉस कोरलेली वस्तू देताना त्यांना ती रुचेल का, याचा विचार अवश्य करावा. आर्मेनियाच्या हस्तकलेत क्रॉस ही नुसती नक्षी नाही.

तिसरी पायरी : माध्यम ओळखायला शिकणे

येथे मात्र घाई करू नये. आर्मेनियन हस्तकलेची ओळख तिच्या माध्यमांतून होते आणि प्रत्येक माध्यमाची परीक्षा वेगळी असते.

गालिच्यापासून सुरुवात करू. आर्मेनियन भाषेत गाठी मारून विणलेल्या, लव असलेल्या गालिच्याला ‘गोर्ग’ म्हणतात आणि लव नसलेल्या सपाट विणीला ‘कार्पेट’. इंग्रजीच्या सवयीमुळे आपण दोन्हींना कार्पेट म्हणतो. दुकानात असे म्हटल्यास विक्रेता नेमका दुसरा प्रकार दाखवील. गोर्गमध्ये प्रत्येक गाठ ताण्याच्या दोन धाग्यांभोवती सारखी फिरवलेली असते, म्हणून ही वीण घट्ट आणि टिकाऊ असते. गालिचा उलटा केल्यावर समोरची नक्षी मागेही जवळजवळ तेवढीच स्पष्ट दिसली पाहिजे आणि ओळींमध्ये माणसाच्या हाताची किंचित असमानता जाणवली पाहिजे. मागची बाजू कापडाने किंवा डिंकासारख्या थराने झाकलेली असेल, तर ती का झाकली आहे, हे विचारावे. टोकाची झालरही तपासावी : हातमागावरील गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे असतात, तर यंत्रावरील गालिच्याला ती नंतर शिवलेली असते. लव बोटांनी बाजूला सारून मुळाशी पाहावे आणि पांढरा ओला रुमाल एका कोपऱ्यावर हलकेच दाबून रंग सुटतो का, हेही पाहावे. प्रामाणिक विक्रेता या तपासणीला हरकत घेत नाही.

नक्षीत सर्वांत प्रसिद्ध प्रकार ‘विशापागोर्ग’ म्हणजे ड्रॅगनचा गालिचा होय. यातील ड्रॅगन इतके कोनांत मोडलेले असतात की कोणी दाखवल्याशिवाय नवख्याला ते दिसत नाहीत. गरुडाचे आणि सापाचे गालिचेही याच कुळातील आहेत. काही जुन्या गालिच्यांत विणकाराचे नाव किंवा वर्ष आर्मेनियन अक्षरांत विणलेले असते. पूर्वी आर्मेनियन लिपीतील अक्षरेच अंक म्हणूनही वापरली जात, त्यामुळे नक्षीचा भाग वाटणारी चार अक्षरे प्रत्यक्षात सालही असू शकतात.

लाल रंगाविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘वोर्दान कार्मीर’ हा अरारात पठाराच्या खारट जमिनीत, गवताच्या मुळांवर वाढणाऱ्या एका किड्यापासून काढलेला किरमिजी रंग मध्ययुगात दूरवर विकला जात असे आणि आर्मेनियन हस्तलिखितांतही तो वापरला जाई. हे किडे शरद ऋतूत थोडेच दिवस, पहाटेच्या वेळी जमिनीवर येतात. रंगासाठी ते फार मोठ्या संख्येने लागतात आणि आता त्यांच्या अधिवासाला संरक्षण आहे. त्यामुळे स्वस्त गालिच्यातील लाल रंग वोर्दान कार्मीरचा असल्याचे कोणी सांगितले, तर ऐकून घ्यावे, मात्र त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. नैसर्गिक लाल रंग आज बहुधा मंजिष्ठेच्या कुळातील मुळांपासून येतो, आणि तोही उत्तमच असतो.

सुईकाम हा भेटीसाठी सर्वांत सोयीचा आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित प्रकार आहे. आर्मेनियन लेसला ‘झानियाक’ म्हणतात. ती क्रोशाने विणलेली नसून साध्या सुईदोऱ्याने एकेक सूक्ष्म गाठ मारत, वर्तुळावर वर्तुळ चढवत तयार केलेली असते. क्रोशाच्या विणीचा धागा तुटला की ती उसवत जाते. झानियाकमध्ये प्रत्येक टाका गाठीने बांधलेला असल्याने तसे होत नाही. भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन लहान त्रिकोणी जाळ्या आणि त्यांच्या टोकांवरील गाठी पाहाव्यात. याशिवाय माराश आणि ऐंताब या, आज तुर्कस्तानात असलेल्या, शहरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन भरतकामाच्या शैली आहेत. ऐंताबच्या कामात पांढऱ्या कापडातील काही धागे काढून टाकतात आणि उरलेले धागे पांढऱ्याच दोऱ्याने बांधून जाळी तयार करतात. माराशच्या कामात आधी टाक्यांचा सांगाडा घालून मग दोरा त्या सांगाड्यातून वर-खाली गुंफला जातो आणि कापडाला तो फार कमी ठिकाणी टोचला जातो. आपल्याकडे कच्छी किंवा सिंधी टाका म्हणून शिकवला जाणारा गुंफणीचा टाका पद्धतीने याच्या अगदी जवळचा आहे. ज्या मराठी घरात कोणाला कच्छी टाका येतो, तिथे माराशचा रुमाल ही भेट नेली, तर ती पाहणारी व्यक्ती पहिल्यांदा तो उलटाच करील.

या शैली आपल्या मूळ शहरांत राहिल्या नाहीत, याचे कारण ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियनांचा १९१५ चा नरसंहार आणि त्यानंतरचे विस्थापन. जगलेल्या स्त्रिया आणि अनाथ मुली सीरिया, लेबनॉन आणि पुढे इतर देशांत पोहोचल्या, आणि त्यांतील अनेकींचे पोट याच सुईने भरले. लेबनॉनमधील घाझीर येथील अनाथाश्रमातील आर्मेनियन मुलींनी विणलेला, चाळीस लाखांहून अधिक गाठींचा एक गालिचा १९२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून देण्यात आला होता. आर्मेनियन हस्तकला भेट म्हणून देण्याला एवढी जड पार्श्वभूमी आहे, हे लक्षात ठेवले की भाव करताना माणूस थोडा सावरून बोलतो.

दगडाकडे वळू. ‘खाचकार’ म्हणजे क्रॉस कोरलेली उभी शिळा. गार्नी येथील राणी कात्रानिदे हिने उभारलेला खाचकार ८७९ सालचा असून तो वर्ष कोरलेल्या सर्वांत जुन्या खाचकारांपैकी आहे. सेवान सरोवराजवळच्या नोरातुसच्या दफनभूमीत असे शेकडो खाचकार ओळीने उभे आहेत. दिलिजानजवळच्या गोशावांक मठात पोघोस या शिल्पीने १२९१ मध्ये कोरलेला खाचकार इतका बारीक आहे की त्याची तुलना पूर्वीपासून सुईकामाशी केली जाते. ही कला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. कोरून झालेल्या खाचकारावर धार्मिक संस्कार केल्यावरच तो पवित्र मानला जातो, त्यामुळे दुकानातील लहान प्रतिकृती ही शोभेची वस्तू म्हणून घेण्यात अडचण नाही. ती टफ या ज्वालामुखीय दगडाची आहे की दगडाच्या भुकटीत राळ मिसळून ओतलेली आहे, हे तळाशी कळते. ओतीव वस्तूच्या तळाला हवेचे लहान बुडबुडे किंवा साच्याची रेघ दिसते, आणि शेजारी तिच्यासारख्याच दहा वस्तू मांडलेल्या असतात. खऱ्या कामात दोन खाचकार कधीही तंतोतंत सारखे नसतात.

काळा, काचेसारखा चमकणारा ऑब्सिडियन हाही आर्मेनियाच्या ज्वालामुखीय डोंगरांचाच दगड आहे. अश्मयुगात त्याची हत्यारे बनत. आज माळा, कर्णफुले आणि बुद्धिबळातील सोंगट्या बनतात. त्याची कडा काचेइतकीच धारदार असते, म्हणून घासून गुळगुळीत केलेलीच वस्तू लहान मुलांच्या घरात द्यावी.

लाकडी वस्तूंमध्ये अक्रोडाच्या लाकडाचे नार्दीचे, म्हणजे बॅकगॅमनचे, कोरीव पट आणि बुद्धिबळाचे पट खूप दिसतात. बुद्धिबळ तेथे २०११ पासून शाळेत सक्तीचा विषय आहे, त्यामुळे या पटांना स्थानिक गिऱ्हाईकही आहे आणि म्हणून कामाचा दर्जा टिकून आहे. पट उघडून बिजागऱ्या आणि आतील कोपरे पाहावेत. बाहेरची नक्षी सुबक आणि आतले सांधे ढिले, असे वारंवार आढळते.

दुदुक मात्र वेगळ्या सावधगिरीने घ्यावे. जर्दाळूच्या लाकडापासून बनणाऱ्या या सुषिर वाद्याचे संगीत युनेस्कोच्या यादीत आहे आणि जिवान गास्पार्यान यांच्या वादनामुळे ते जगभर पोहोचले. सनईप्रमाणेच यालाही दुहेरी पत्ती असते. परंतु सनईची नळी पुढे रुंदावत जाते, तर दुदुकची पोकळी सरळ असते आणि पत्ती चांगली रुंद असते, त्यामुळे त्याचा आवाज खालचा, मऊ आणि घोगरा येतो. सनईवादनात एक साथीदार नुसता सूर धरून ठेवतो, तसाच येथे दुसरा दुदुकवादक ‘दाम’ धरतो. बाजारात भडक वार्निश दिलेली आणि नक्षीने रंगवलेली दुदुक मिळतात. ती भिंतीवर टांगण्यासाठी आहेत. वाजवणाऱ्या व्यक्तीला द्यायचे असेल, तर लाकूड किती वर्षे वाळवलेले आहे आणि वाद्य कोणत्या पट्टीचे आहे, हे विचारावे, विक्रेत्याला ते वाजवून दाखवायला सांगावे आणि मोबाइलवरील ट्यूनरने चार-पाच स्वर पडताळावेत. नवख्याला ‘ला’ म्हणजे ए पट्टीचे दुदुक सर्वसाधारणपणे सुचवले जाते. ‘घामिश’ नावाची वेताची पत्ती हा या वाद्याचा सर्वांत नाजूक भाग आहे. ती भारतात सहज मिळणार नाही, म्हणून दोन-तीन जादा घ्याव्यात.

माती, तांबे आणि चांदी यांविषयी थोडक्यात. ‘अघामान’ हे स्त्रीच्या आकाराचे, पोटाच्या जागी पोकळी असलेले मातीचे मीठदान आहे. स्वयंपाकघरात वापरता येईल अशी याहून आर्मेनियन वस्तू मला सुचत नाही. झिलई दिलेल्या भांड्यात खाद्यपदार्थ ठेवायचे असतील, तर झिलई शिसेविरहित आहे का, हे विचारून घ्यावे. कॉफी उकळण्याच्या लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्याला, जझवेला, आतून कल्हई आहे का, हे पाहणे मराठी वाचकाला शिकवण्याची गरज नाही. चांदीवर ९२५ किंवा सोव्हिएत काळातील ८७५ चा शिक्का शोधावा. निळ्या-पांढऱ्या फुलांच्या ‘आर्मेनियन’ टाइल्स मात्र येरेवानपेक्षा जेरुसलेमची ओळख आहेत : आज तुर्कस्तानात असलेल्या क्युताह्याचे आर्मेनियन कुंभार जेरुसलेममधील डोम ऑफ द रॉक या मुस्लिम पवित्र वास्तूच्या फरशांच्या दुरुस्तीच्या निमित्ताने १९१९ मध्ये तिथे गेले आणि त्यांची परंपरा तिथेच रुजली.

चौथी पायरी : योग्य जागी जाणे

येरेवानचा व्हर्निसाज हा उघड्यावरचा बाजार प्रजासत्ताक चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९८० च्या दशकात चित्रकारांनी आपली चित्रे मांडण्यापासून त्याची सुरुवात झाली आणि हळूहळू सर्व हस्तकला तिथे आल्या. काही टपऱ्या रोज उघडतात, पण शनिवार-रविवारी बाजार पूर्ण भरतो आणि त्या दिवशी वस्तू घडवणारे स्वतः बसलेले असण्याची शक्यता अधिक असते. सकाळी लवकर जावे, पहिल्या फेरीत काहीही घेऊ नये आणि ज्या टपरीवर विक्रेता गिऱ्हाइकाची वाट पाहत हातात सुई किंवा छिन्नी घेऊन काम करत असेल, ती जागा लक्षात ठेवावी. आयात केलेल्या वस्तूही याच बाजारात मिळतात, हे विसरू नये.

बाहेर जाता आले, तर दिलिजानमधील शाराम्बेयान मार्गावरील जुन्या घरांत कारागिरांच्या कार्यशाळा आहेत. ग्युम्री हे शहर लोहारकामासाठी ओळखले जाते. डिसेंबर १९८८ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले, तरी त्याच्या जुन्या वस्तीतील घरांच्या दारांवर, कठड्यांवर आणि खिडक्यांवर घडीव लोखंडाचे काम अजून दिसते. ग्युम्रीची लोहारकामाची परंपरा २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. लोखंडी कडी किंवा मेणबत्तीचा स्टँड ही वेगळी आणि न फुटणारी भेट ठरते.

पाचवी पायरी : बोलणे आणि भाव ठरवणे

‘बारेव ज़ेज़’ म्हणजे नमस्कार, ‘इंच आर्झे?’ म्हणजे किती किंमत आणि ‘ज़ेरागोर्त्स’ म्हणजे हाताने केलेले, एवढे शब्द आले तरी समोरच्याचा सूर बदलतो. आभारासाठीचा ‘श्नोरहाकालुत्युन’ हा शब्द जिभेला जड वाटल्यास ‘मेर्सी’ म्हणावे. स्थानिक लोकही सर्रास तेच म्हणतात. व्यवहार द्राम या चलनात रोखीने करावा. भाव थोडा कमी करून मागण्यास हरकत नाही, परंतु निम्म्याने मागण्याची आपल्याकडील काही बाजारांतील पद्धत येथे शोभत नाही. एकाच व्यक्तीकडून दोन-तीन वस्तू घेतल्यास सवलत सहज मिळते. कोणी बनवले, कुठे बनवले आणि किती दिवस लागले, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. कारागीर या प्रश्नांना तपशीलवार उत्तरे देतो. नुसता विक्रेता वस्तू किती ‘जुनी’ आहे, हे सांगू लागतो.

भेट घेणाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर आर्मेनियन लिपीत कोरून किंवा पक्ष्याच्या आकारात रंगवून घेता येते. मेस्रोप माश्तोत्स यांनी ४०५ मध्ये घडवलेल्या ३६ अक्षरांच्या या लिपीचा आर्मेनियन लोकांना असलेला अभिमान अशा वेळी जवळून दिसतो. आर्मेनियन भाषेत मराठीप्रमाणे ‘त’ आणि ‘ट’ असा भेद नाही, म्हणून नाव मोठ्याने उच्चारून दाखवावे आणि कोरण्याआधी कागदावर लिहून घ्यावे.

सहावी पायरी : कागदपत्रे आणि बांधणी

जुने गालिचे, हस्तलिखिते, धार्मिक चित्रे आणि इतर पुरातन वस्तू आर्मेनियाबाहेर नेण्यासाठी तेथील शिक्षण, विज्ञान, संस्कृती आणि क्रीडा मंत्रालयाची परवानगी लागते. ‘काही होत नाही, कोणी विचारत नाही’ असे विक्रेता म्हणाला, तरी विमानतळावर उभे तुम्हाला राहायचे आहे, त्याला नाही. नवा गालिचा घेतानाही तो नवा असल्याचे आणि किंमत नमूद केलेले दुकानाचे लेखी कागद मागून घ्यावेत; भारतात सीमाशुल्क विभागाने विचारल्यास तेच कामी येतात. धारदार वस्तू हातातील सामानात ठेवू नयेत. मातीची भांडी कपड्यांत गुंडाळण्यापूर्वी आतील पोकळी कागदाने घट्ट भरावी, कारण भांडे बहुधा बाहेरच्या धक्क्याने नव्हे, तर आतल्या रिकामेपणामुळे दबून फुटते.

आर्मेनियाला न जाता ही ओळख करून घ्यायची असेल, तर मुंबईत तिचा एक धागा आहे. फोर्टमधील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगिनदास मास्टर मार्ग, येथे आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ मध्ये सेंट पीटर चर्च उभारले. तिथे वस्तू विकत मिळत नाहीत, परंतु भेट देताना हा संदर्भ सांगितला, तर ‘आर्मेनिया म्हणजे नेमके कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर घराजवळून सुरू करता येते.

सातवी पायरी : आपल्या हवेत जपणे

आर्मेनियाची हवा कोरडी आहे. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ती तशी नसते. लोकरीचा गालिचा जूनच्या आधी उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून, झटकून, सुती चादरीत गुंडाळून ठेवावा. तो घडी घालून नव्हे, तर गुंडाळी करून आणि प्लास्टिकमध्ये न कोंडता ठेवावा. झानियाक आणि भरतकाम थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवावे आणि सपाट पसरून वाळवावे. दुदुक वाजवून झाल्यावर आतून कोरड्या कापडाने पुसावे, वर्षातून एक-दोनदा लाकडाला तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि पत्ती टोपण लावून वेगळी ठेवावी. वाजवण्यापूर्वी पत्तीत पाण्याचे एक-दोन थेंब घालून ते झटकून टाकावेत आणि तिचे तोंड उघडेपर्यंत काही मिनिटे थांबावे; कोरड्या पत्तीत जोराने फुंकल्यास ती चिरते.